कंट्रोल्स गेले तर हातात थ्रॉटल उरतात

पुढच्या सिम्युलेटर सेशननंतर इन्स्ट्रक्टरकडे दहा मिनिटं मागून घे आणि योकला, म्हणजे विमानाच्या स्टिअरिंगला, हात न लावता, नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे इंजिनांची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांवर, विमान उडवून बघ.

पहिल्यांदा सगळेच चुकतात, मीही चुकलो. नाक खाली जाऊन वेग वाढला की हात आपसूक थ्रॉटल मागे ओढतो. करायचं असतं नेमकं उलटं. पंखाखालच्या इंजिनांची पॉवर वाढली की नाक वर उचललं जातं. म्हणून खाली जाताना पॉवर द्यायची, वर चढू लागलं की काढायची. परिणाम दिसायला काही सेकंद लागतात, त्यामुळे हात थोडा आधीच हलवावा लागतो. वळायचं तर एका बाजूला जास्त पॉवर.

१९८९ साली अमेरिकेतल्या सू सिटीला आलेल्या डीसी-१० या प्रवासी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक सिस्टिम्स, म्हणजे द्रवाच्या दाबाने कंट्रोल्स हलवणाऱ्या यंत्रणा, गेल्या होत्या. प्रवाशांत बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनी फिच मदतीला आले, तर कॅप्टन अल हेन्स यांनी थ्रॉटल त्यांच्याकडे सोपवले. २९६ पैकी १८४ जण वाचले. मला यातलं हे सोपवणंच सर्वांत मोलाचं वाटतं. तूही एकटा झुंजत बसू नकोस. थ्रॉटल एकाकडे, रेडिओ आणि चेकलिस्ट दुसऱ्याकडे, आणि दोघांनीही मोठ्याने बोलत राहायचं. उतरताना कमी वेगातही विमान तोलून धरणारे पंखांवरचे फ्लॅप नसतील, म्हणून वेग जास्त असेल. लांबातला लांब रनवे माग आणि दुरूनच सरळ रेषेत ये.