वायनरीच्या टाकीतलं यीस्ट अंधारात चमकतं का?

तुम्ही विचारलंय की वाढत्या यीस्टमधून प्रकाश निघतो असं वाचलं, तर नाशिकच्या एखाद्या वायनरीत दिवे घालवून टाकीत डोकावलं तर तो दिसेल का, आणि मोबाईलमध्ये टिपता येईल का.

प्रकाश निघतो, पण दिसत नाही. मी दिंडोरीकडे एका वायनरीच्या लॅबमध्ये काम करतो. हंगामात रात्री वीज गेली की टाकीत काळोखच असतो. काजव्याकडे प्रकाशासाठी खास रसायन आणि एन्झाइम असतं, यीस्टकडे तसलं काही नाही. पेशी ऑक्सिजन वापरते तेव्हा थोडे अतिक्रियाशील रेणू तयार होतात, ते पेशीतल्या मेदाला वगैरे भिडतात, आणि त्यातून उत्तेजित झालेले काही रेणू शांत होताना एखादा फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, सोडतात. दर चौरस सेंटिमीटरमागे सेकंदाला काही ते काहीशे फोटॉन, बस्स. तेही सगळ्या दिशांना पांगलेले. मोबाईलच्या लाँग एक्स्पोजरमध्ये ठिपके दिसले तर तो सेन्सरचा स्वतःचा नॉइज समजा.

या विषयाची बदनामी जुनी आहे. 1923 मध्ये रशियात जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर गुरविच यांनी कांद्याच्या मुळांवरून मांडलं की विभाजन होणाऱ्या पेशींतून अतिनील किरण निघतात आणि ते शेजारच्या पेशींनाही विभाजनाला लावतात. पुढे असे प्रयोग यीस्टवरही झाले. अनेकांना ते जमेनात, आणि 1953 मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी या किरणांना भरकटलेल्या विज्ञानाच्या यादीत टाकलं. नंतर फोटोमल्टिप्लायर या अतिसंवेदनशील प्रकाशमापकाने एकेक फोटॉन मोजता यायला लागला. 1974 मध्ये ‘क्विकेन्डन’ आणि ‘क्वे ही’ या ऑस्ट्रेलियातल्या संशोधक जोडीने वाढत्या यीस्टचा मंद प्रकाश मोजून प्रसिद्ध केला. म्हणजे प्रकाश आहे. पण पेशी त्यातून एकमेकींशी ‘बोलतात’ हे त्याने सिद्ध होत नाही, आणि ‘बायोफोटॉन’च्या (सजीवांतून निघणाऱ्या या मंद प्रकाशाच्या) नावाने उपचार विकणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी विचारत असाल तर वाईनची टाकी सोडा. आंबवण चालू असताना तिथे ऑक्सिजन जवळपास नसतोच. हवा खेळती ठेवलेला फ्लास्क घ्या. सोबत यीस्ट न घातलेला नुसता मीडियाही (यीस्ट वाढवायचं पोषक द्रावण) फोटोमल्टिप्लायरने मोजा, कारण हवेशी संयोग होऊन तोही थोडा प्रकाश देतो. नमुना आधी तासभर तरी मिट्ट अंधारात ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटचा शोषलेला उजेडच परत मोजाल. मग ऑक्सिजन हटवायला फ्लास्कमध्ये नायट्रोजन वायू भरून बघा: आकडा उतरला आणि हवा दिल्यावर पुन्हा चढला, पण नुसत्या मीडियात तेवढा फरक पडला नाही, तरच गाईडकडे वही घेऊन जा.