डिसेंबरात सुटका हवी म्हणून सही करू नकोस

बाळा, अनेक आशीर्वाद.

परवा तुझा लांबलचक मेसेज वाचला. एक नोव्हेंबरला कॉलेजला अर्ली डिसिजन, म्हणजे होकार आला तर तिथेच जाईन असं वचन देऊन केलेला अर्ज, टाकायचं, वेस्ट पॉइंटचंही, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अधिकारी-अकादमीचंही, चालू ठेवायचं, आणि एप्रिलमध्ये तिथून होकार आला तर ‘फायनान्शियल एड पुरत नाही’ म्हणून कॉलेजमधून सुटायचं. ‘असं करता येतं, सगळेच म्हणतात,’ असं तू लिहिलंस. सगळे म्हणजे कोण ते विचारत नाही. मंडळातले दोन-तीन बाबा असतील, गणपतीच्या जेवणात प्लेट हातात धरून सल्ले देणारे.

तू हुशार आहेस, छान धावतेस वगैरे लिहीत बसत नाही. मला एवढंच म्हणायचंय: शब्द द्यायचा तर पाळायचा, आणि पाळता येणार नसेल तर द्यायचाच नाही.

अर्ली डिसिजनच्या कागदावर तुझी सही असते, आईबाबांपैकी एकाची असते आणि शाळेच्या काउन्सेलरचीही. डिसेंबरच्या मध्यावर होकार आला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे, हे त्यात स्वच्छ लिहिलेलं असतं. पैशांची सवलत खरी आहे, पण ज्यांना खरोखर झेपत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या दारातल्या दोन्ही गाड्या मी पाहिल्या आहेत.

आता अकादमीचं बघ. नॉमिनेशनचे, म्हणजे काँग्रेस सदस्याच्या शिफारशीचे, अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरात, मुलाखती बहुतेक नोव्हेंबर-डिसेंबरात, आणि वेस्ट पॉइंटचा निर्णय पार एप्रिलपर्यंत कधीही. म्हणजे कॉलेज डिसेंबरात उत्तर मागणार, तेव्हा हडसनच्या काठावरून, वेस्ट पॉइंटहून, बहुधा चकार शब्द आलेला नसणार. हा मधला काळ तू थापेने भरून काढायला निघाली आहेस. आणि जायचंय कुठे? जिथे कॅडेटने खोटं बोलायचं नाही, फसवायचं नाही, चोरायचं नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घ्यायचं नाही, हा पहिला नियम आहे. तिथे शिरण्यासाठी आधी एक करार मोडायचा? वाचून मला हसावं की रडावं कळेना.

आमच्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या मुलाखत समितीवर मी बसतो, हे तुला माहीत आहे. (तुमचं घर दुसऱ्या मतदारसंघात आहे, म्हणूनच हे पत्र लिहू शकतो.) एका सदस्याच्या नावावर एका अकादमीत एका वेळी पाचच कॅडेट असू शकतात, म्हणजे वर्षाकाठी एखादीच जागा. समोर पोरं येऊन बसतात. ब्लेझरची बाही अंगठ्यापर्यंत आलेली, टायची गाठ बापाने बांधून दिलेली. आम्ही हमखास विचारतो, यंदा नाही जमलं तर? काही जण कॉलेजांची यादी म्हणून दाखवतात. काही म्हणतात, वर्षभर दुसरीकडे शिकेन, आरओटीसी (कॉलेजात शिकता शिकता घ्यायचं लष्करी अधिकारी-प्रशिक्षण) करेन, पुढच्या वर्षी परत येईन. त्यांच्या नावापुढे मी खूण करतो. आणि ज्याने कुठेतरी सही करून ठेवली आहे आणि सांगितलेलं नाही, त्याची नजर या प्रश्नाला खाली जाते. ते कळतं गं.

माझं म्हणशील तर बारावीनंतर एनडीएची लेखी परीक्षा मी पास झालो होतो. पुढच्या निवड-मुलाखतीला, एसएसबीला, भोपाळला बोलावलं होतं. तोवर वडिलांनी कर्ज काढून इंजिनिअरिंगची फी भरली होती आणि मी ‘हो’ म्हटलं होतं. गेलो नाही. मित्र अजून म्हणतात, अरे, पाच दिवस जाऊन तर यायचंस. कशाला? हो म्हटलं होतं ना! बरोबरच केलं, आजही तेच करीन. पुण्याला गेलो की एनडीएकडे जाणाऱ्या खडकवासल्याच्या रस्त्यावर मी बोलायचा थांबतो, असं तुझ्या काकूचं म्हणणं आहे. तिचं काय ऐकायचं. ‘हो’ कधी म्हणावं याबद्दलची माझी मतं मात्र त्यानंतर पक्की झाली. घरातली कटकट मिटावी म्हणून तर मुळीच म्हणू नये.

अर्ली डिसिजनने प्रवेशाची शक्यता वाढते, हे मला ऐकवू नकोस. वाढते. म्हणून तर बदल्यात ते तुझा शब्द मागतात.

तेव्हा आधी ठरव: दोन्हीकडून एकाच दिवशी होकार आला तर कुठे जाशील? कॉलेजला म्हणत असशील तर बेलाशक सही कर, आणि होकार येताच त्याच दिवशी वेस्ट पॉइंटला आणि नॉमिनेशनच्या ऑफिसला कळव. तुझ्या भागातलं दुसरं कुणीतरी त्याच जागेकडे डोळे लावून बसलेलं असेल. वेस्ट पॉइंट म्हणत असशील तर अर्ली डिसिजनला हात लावू नकोस. बंधन नसलेलं अर्ली अ‍ॅक्शन आहे, जानेवारीचे नेहमीचे अर्ज आहेत. आरओटीसीच्या स्कॉलरशिपसाठीही वेगळा अर्ज कर. तिथूनही अधिकारीच होता येतं. आणि ‘काका, खरंच माहीत नाही’ असं असेल, तरी सही नाहीच.

वेस्ट पॉइंटला ‘फी वाचते’ असं तुझे बाबा म्हणतात, ते अर्धंच आहे. फी नाही, वर दरमहा थोडे पैसे मिळतात, खरं. पण पदवीनंतर किमान पाच वर्षं प्रत्यक्ष नोकरी, राखीव सेवा धरून एकूण आठ. पहिल्या दोन वर्षांत सोडता येतं. तिसऱ्या वर्षाचे वर्ग सुरू झाले की अडकलीस. ती सही कॉलेजच्या सहीपेक्षा कितीतरी जड आहे, आणि कॉलेजची सही तू हलक्यात घेते आहेस, म्हणून एवढा चिडलोय.

इनहेलरबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस. तेराव्या वाढदिवसानंतरचा दमा डॉडमर्बच्या, म्हणजे अकादम्यांसाठी उमेदवार तपासणाऱ्या लष्करी वैद्यकीय मंडळाच्या, तपासणीत आडवा येतो. सूट मागता येते, पण वेळ लागतो. लपवायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. डॉक्टरांकडून जुने कागद आजच मागव.

मंगळवारी संध्याकाळी फोन कर. काउन्सेलरकडून तो करार घेऊन ठेव, ओळ न् ओळ वाचू, बाबांनाही शेजारी बसव. आणि अकादमीच्या शारीरिक चाचणीसाठी गुडघ्यांवर बसून बास्केटबॉल फेकायचा सराव सुरू कर. मैलभर धावण्यात तू कुणाला ऐकायची नाहीस, पण त्या फेकीत आपली पोरं मार खातात.

तुझा,
काका