जेबेल अलीला मशिनरीच्या लिलावाला मदत करायला जातोयस, तर आधी हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा की तू चाकणला सर्व्हिस इंजिनिअर आहेस, साहेबांनी अचानक सांगितलं की तीन आठवडे दुबईला जा, जेबेल अलीच्या यार्डात जुन्या मशिनरीचा लिलाव आहे, तिथल्या टीमला मदत कर, आणि लिलावात इंजिनिअरचं काम काय हेच तुला कळत नाहीये. मी याच कामाला चार वेळा जाऊन आलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी व्हिसा. टुरिस्ट किंवा व्हिजिट व्हिसावर तिथे काम करता येत नाही, मग ते चार दिवसांचं का असेना. थोड्या दिवसांच्या कामासाठी मिशन व्हिसा असतो, तो तिथल्या कंपनीने काढून द्यायचा असतो. 'जा रे, कोण विचारतंय' असं कोणी म्हणालं तर सरळ नाही म्हण, पकडला गेलास तर विमानतळावर तू बसणार आहेस, साहेब नाही. यार्ड फ्री झोनमध्ये, म्हणजे कस्टमच्या हद्दीबाहेर धरलेल्या वेगळ्या परिसरात असेल तर गेट पासही लागतो, तो आधी मागून ठेव.

आता कामाचं. यार्डात रांगेने मशिन उभी असतात, डोझर, ग्रेडर, पोकलेन, क्रेन, जनरेटर, प्रत्येकाला लॉट नंबर म्हणजे लिलावातला क्रमांक चिकटवायचा, तपासायचं, फोटो काढायचे, माहिती कॅटलॉगला द्यायची. बहुतेक मोठे लिलाव अनरिझर्व्ह्ड असतात, म्हणजे किमान किंमत नाही, शेवटची बोली जी असेल त्याला माल जातो, आणि विकणाऱ्याला स्वतःच्या मशिनवर बोली लावून भाव चढवता येत नाही. माल 'आहे तसा, आहे तिथे' विकला जातो, नंतर तक्रार चालत नाही. आणि बोली लावणारा बरेचदा यार्डात नसतोच रे, तो केनियात नाहीतर इराकमध्ये मोबाईलवर बसलेला असतो, त्याच्याकडे तुझे फोटो आणि तुझी चार ओळींची नोंद एवढंच असतं. तुला तिथे बोलावतात ते याच्यासाठी. तू जे लिहिशील त्यावर तो माणूस आयुष्यभराची पुंजी लावतो, हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये, एका मशिनवर सगळं घर चालणारे कितीतरी कंत्राटदार मी तिथे बघितलेत.

माझ्या दुसऱ्या खेपेची गोष्ट सांगतो. वीस टनी पोकलेन होतं, मीटरवर ६,२०० तास, रंग नवा कोरा. मी खाली वाकून स्प्रॉकेट, म्हणजे साखळी फिरवणारं दातेरी चाक, बघितला तर दात पार टोकदार झालेले, उजव्या पेडलचं रबर झिजून आतलं लोखंड चकाकत होतं, आणि बकेट जमिनीला टेकवून बूम हळूच उचलला तर बकेट जागेवरच आणि पिन मात्र बुशमध्ये वर सरकलेली, म्हणजे चांगलाच प्ले, ढिलेपणा होता. मीटरच्या कव्हरचे स्क्रू बाकी डॅशपेक्षा ताजे दिसत होते. एवढी सगळी झीज एकत्र त्या तासांत सहसा होत नाही. विकणाऱ्याचा माणूस शेजारी उभा, म्हणाला मीटरवर आहे तेच लिहा. मी लिहिलं 'मीटर ६,२०० दाखवतो, झीज पाहता खरे तास जास्त असावेत', आणि स्प्रॉकेट, पेडल, पिन तिन्हीचे जवळून फोटो टाकले. तो भडकला, पण यार्ड मॅनेजर माझ्या बाजूने उभा राहिला. मशिन विकलं गेलं, आणि न्यायला आलेल्या युगांडाच्या गृहस्थांनी सांगितलं की अंडरकॅरेजचा, म्हणजे खालच्या साखळी-चाकांचा खर्च धरूनच बोली लावली होती. सगळं आधीच माहीत असल्यामुळे त्या माणसाची तक्रार नव्हती.

तपासायला गेल्यावर आधी इंजिनवर हात ठेव. थंड असलं पाहिजे. आधीच गरम करून ठेवलं असेल तर स्टार्टिंगचा त्रास लपवतायत असं धरून चाल आणि दुसऱ्या दिवशी पहाटे परत ये. मग इंजिन सुरू करून ऑइल फिलरचं झाकण सैल करून बघ, धूर किती जोरात येतोय ते, आणि सायलेन्सरचा धूर निळा की पांढरा. क्रेन आणि पोकलेनला स्विंग बेअरिंग, म्हणजे ज्यावर वरचा भाग गोल फिरतो ते, सोडू नकोस, त्याचा खर्च मोठा असतो.

चूक माझ्याकडूनही झालीय, ती सांगतो म्हणजे तुझी होणार नाही. धुळीने भरलेल्या प्लेटवरचा सीरियल नंबर वाचताना ८ चा ३ झाला. तोच आकडा बिलावर गेला, तोच शिपिंगच्या कागदावर, आणि पोर्टवर मशिन आणि कागद जुळेनात. नवीन कागद होईपर्यंत जहाज निघून गेलं आणि घेणाऱ्याला भाड्याचा भुर्दंड बसला. तेव्हापासून मी प्लेट डिझेलच्या फडक्याने पुसतो, फोटो काढतो, दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावतो, आणि फ्रेमवर कोरलेल्या नंबरशी ताडून बघतो, कितीही घाई असली तरी.

लिलावाचे दिवस धावपळीत जातात. खरा कस लागतो तो नंतर, माल बाहेर काढताना. पैसे पूर्ण जमा झाल्याचा रिलीजचा कागद हातात आल्याशिवाय चावी द्यायची नाही, समोरचा कितीही ओळखीचा असो. घेणारे विचारतील म्हणून सांगतो, फ्री झोनमधून थेट परदेशी गेलेल्या मालाला तिथली कस्टम ड्युटी लागत नाही, दुबईत आत नेला तर साधारणपणे ५ टक्के ड्युटी आणि वर ५ टक्के व्हॅट. ऑस्ट्रेलियाला जाणारं मशिन असेल तर साखळीच्या फटीतली मातीसुद्धा धुऊन काढावी लागते, ते लोक माती आणि बियांच्या बाबतीत फार कडक आहेत.

उन्हाळ्यात जातोयस म्हणून, १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला बंदी असते, त्यामुळे जड तपासणी पहाटेच उरकायची. हातमोजे आपले ने, तापलेल्या बॉनेटला नुसता हात लागला तरी फोड येतो. तिथले ड्रायव्हर शेवल म्हणाले तर व्हील लोडर समज, पोकलेन मात्र त्यांनाही कळतं.

आणि घरचे डबे देतील त्यात अनारसे असतील तर काढून ठेव, गोडा मसाला आणि कांदा-लसूण मसाल्यातही खसखस आहे का विचार, यूएईत खसखस नेणं गुन्हा आहे. कोडीनचं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलच्या वेदनाशामक गोळ्या बॅगेत नकोत, तुझी चालू असतील तर आधी तिथली परवानगी काढावी लागते. मिशन व्हिसाचा कागद हातात आला की इथेच लिही, गेट पाससाठी काय काय जोडायचं ते तेव्हा सांगतो.