राऊटरचे घरगुती जिग : वाचकांचे प्रश्न

राऊटर म्हणजे लाकडात खाचा पाडणारे विजेचे मशीन आणि जिग म्हणजे ते काम ठरल्या मापात व्हावे म्हणून केलेला साचा. असे जिग घरच्या घरी करणाऱ्यांचे प्रश्न नागपूरच्या वेगवेगळ्या भागांतून येतात, परंतु बहुतेकांचा घोळ मापातच असतो. म्हणून निवडक प्रश्नांना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

जिगसाठी प्लाय घ्यावा की एमडीएफ? (महाल)

प्लाय घ्यावा, कारण आपल्याकडच्या पावसाळ्यात एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) उघड्या कडा फुगतात. मात्र 12 मिमी म्हणून मिळणारा प्लाय पुष्कळदा त्याहून पातळ भरतो, तेव्हा लकडगंजात लाकूड घ्यायला जाताना जाडी मोजायचा व्हर्निअर खिशात असू द्यावा.

ड्रॉवरचा फिंगर जॉइंट सैल बसतो. बिट बदलावा का? (नंदनवन)

नाही. फिंगर जॉइंट म्हणजे एका फळीची बोटे दुसरीच्या खाचांत बसणारा सांधा. त्यातल्या खाचेची रुंदी बिट, म्हणजे राऊटरचे फिरते पाते, ठरवतो, तर बोटाची रुंदी बिट आणि जिगमधली, आधीच्या खाचेत बसणारी खुंटी यांच्यातले अंतर ठरवते. सांधा सैल असेल तर खुंटी बिटापासून केसभर दूर सरकवावी, घट्ट असेल तर जवळ आणावी. खुंटीची जाडी बिटावर छापलेल्या आकड्यावरून धरू नये; टाकाऊ तुकड्यात एक खाच पाडावी आणि तीत हाताने सरकेल इतकीच खुंटी रंधून घ्यावी.

कोलेट पाव इंचाचा आहे आणि बिट 6 मिमीच्या दांड्याचा मिळाला. दुकानदार म्हणतो, दोन सूत म्हणजे सहा एमएमच. जिगवर चालेल का? (हिंगणा रोड)

मुळीच चालणार नाही. कोलेट म्हणजे बिटाचा दांडा धरून ठेवणारी राऊटरची पकड. दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजेच 6.35 मिमी, उरलेले 0.35 मिमी दुकानदाराच्या लेखी काहीच नसले, तरी मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या बिटाच्या बाबतीत तेवढ्यावर हात शाबूत राहणे अवलंबून असते. कोलेट अशा दांड्याला सगळ्या बाजूंनी सारखा धरत नाही. जोर येताच बिट सरकतो, खाच खोल होत जाते, जिग कापला जातो आणि कधी बिट सुटून बाहेरही येतो. दांड्याला कागद किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळण्याचा उपाय ज्यांनी ऐकला असेल, त्यांनी तो ताबडतोब विसरावा. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, 12 मिमी नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो. राऊटरच्या कंपनीचाच 6 मिमीचा कोलेट मिळत असेल तर तो घ्यावा, नाहीतर बिट परत करावा. असा बिट आधी लावून झाला असेल, तर प्लग काढून ठेवावा आणि कोलेट सर्व्हिस सेंटरमध्ये तपासून घेतल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

40 × 10 मिमीच्या मॉर्टाइजसाठी टेम्प्लेटचे भोक केवढे असावे? (धरमपेठ)

मॉर्टाइज म्हणजे सांध्यासाठी लाकडात पाडलेले भोक, टेम्प्लेट म्हणजे त्यासाठीचा नमुना-साचा आणि बुश म्हणजे राऊटरच्या तळाला बसणारी, टेम्प्लेटच्या कडेला टेकून फिरणारी कडी. बुशच्या बाहेरील व्यासातून बिटाचा व्यास वजा करून येणारी बाकी लांबीत आणि रुंदीत मिळवावी. बुश 16 आणि बिट 10 मिमीचा असेल, तर भोक 46 × 16 मिमी होते. पूर्ण खोली एका दमात कापू नये, तीन-तीन मिमीने उतरावे. पहिला जिग जवळच्या आयटीआयमधील सुतारकामाच्या निदेशकांना दाखवला तर उत्तम.

जाहिरातीतला स्वस्त डोव्हटेल जिग घ्यावा का? (मानेवाडा)

डोव्हटेल म्हणजे पारव्याच्या शेपटीच्या आकाराचा सांधा; ड्रॉवर चारच असतील तर त्याला करवत आणि पटाशी पुरते. जिग घ्यायचाच असेल तर, ‘सर्व राऊटरना चालतो’ या ओळीवर न जाता, त्याचा बुश आपल्या राऊटरच्या तळपट्टीत बसतो का, हे मशीन दुकानात नेऊनच पाहावे.