ट्रायकोग्रामाच्या सगळ्या जाती सारख्याच दिसतात, मग ओळखतात कशा?

नुसत्या डोळ्यांनी ओळखणं अशक्यच. ट्रायकोग्रामा म्हणजे पतंगांच्या अंड्यांत अंडी घालणारी, जेमतेम अर्धा मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी. रंगावर विसंबू नका, तापमानानुसार तो बदलतो.

खरी ओळख नराच्या जननेंद्रियांच्या रचनेवरून पटते. हे १९७१ मध्ये सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज या भारतीय कीटकशास्त्रज्ञांनी ठामपणे मांडलं, आणि त्यांचं हे काम आजही जगभर वापरलं जातं. नर काचपट्टीवर बसवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. सोबत मिशांवरच्या केसांची लांबीही पाहतात.

पण काही वाणांत वोल्बाकिया नावाचा जीवाणू असतो. त्यामुळे बिनफलित अंड्यांतूनही माद्याच निपजतात. नरच नाही, तर बघणार काय? तिथे डीएनएच कामी येतो. डीएनएमधला आयटीएस-२ नावाचा तुकडा जातीगणिक लांबीने आणि घटकांच्या क्रमाने वेगळा असतो. पीसीआर या प्रयोगशाळेतल्या पद्धतीने त्याच्या असंख्य प्रती काढून तो तपासतात.

माझ्या मते दोन्ही लागतातच. डीएनए जुळवायला आधी कुणीतरी नीट ओळखलेला नमुना हवा. उसाच्या खोडकिडीसाठी ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) लावणाऱ्यांनाही याने फरक पडतो, कारण प्रत्येक जातीची आवडती कीड आणि सोसवणारं ऊन वेगळं असतं.