आयबिस फाइलवरून बफरचा आउटपुट इम्पीडन्स कसा काढायचा?

तुमची अडचण अशी: मायक्रोकंट्रोलरच्या डेटाशीटमध्ये आउटपुट इम्पीडन्स दिलेला नाही, हातात फक्त आयबिस फाइल (चिपच्या पिनचे व्होल्टेज-करंटचे टेबल असलेली फाइल) आहे आणि ५० ओहमच्या ट्रेससाठी (बोर्डावरच्या तांब्याच्या वाटेसाठी) सिरीज रेझिस्टर ठरवायचाय.

डेटाशीटमध्ये तो सहसा सापडणार नाही, कारण सीमॉस बफरला, म्हणजे पिन चालवणाऱ्या मॉसफेट ट्रान्झिस्टरांच्या सर्किटला, एकच ठरलेला इम्पीडन्स नसतो. करंट वाढला की मॉसफेटचा कर्व्ह वाकतो आणि व्होल्टेज भागिले करंट हा आकडा चढत जातो. म्हणून आधी करंट ठरवा. टर्मिनेशन नीट जुळलं, म्हणजे बफर अधिक रेझिस्टर ट्रेसइतका झाला, की बफर आणि रेझिस्टर मिळून ५०, ट्रेसचे ५०, एकूण १०० ओहम. सप्लाय ३.३ व्होल्ट असेल तर करंट ३३ मिलिअँप. बफर कुठलाही असो, हा आकडा तोच.

आता पुलडाउन टेबलात (पिन खाली खेचतानाच्या) टिपिकल कॉलममध्ये ३३ मिलिअँपची ओळ शोधा. समजा तिथे ०.५६ व्होल्ट आहे. म्हणजे १७ ओहम. पुलअप टेबल (पिन वर खेचतानाचं) वाचताना बरेच जण फसतात: त्यातलं व्होल्टेज ग्राउंडपासून नव्हे, सप्लायपासून खाली मोजलेलं असतं आणि करंट ऋण असतो. तिथे ०.७३ व्होल्ट मिळाले तर २२ ओहम. वर खेचताना २८ चा रेझिस्टर हवा, खाली खेचताना ३३ चा. मी ३० किंवा ३३ लावेन. एखाद-दुसऱ्या ओहमसाठी डोकं शिणवण्यात अर्थ नाही, कारण मिनिमम आणि मॅक्सिमम कॉलम पाहिलेत तर फरक याहून बराच मोठा दिसेल.

पडताळा घ्यायचाय? फाइलमध्ये रायझिंग वेव्हफॉर्म (पिन वर जातानाचा व्होल्टेजचा आलेख) असेल, फिक्श्चर (मोजताना जोडलेला लोड) ५० ओहम आणि शून्य व्होल्टचं, तर शेवटी स्थिरावलेलं व्होल्टेज बघा. २.२ व्होल्ट असेल तर बफरवर ३.३ वजा २.२ म्हणजे १.१ व्होल्ट पडतात, म्हणून ५० गुणिले १.१ भागिले २.२, म्हणजे २५ ओहम. हा २२ पेक्षा जास्त येणारच, इथे करंट ४४ मिलिअँप आहे.

स्पाइस मॉडेल (सर्किट सिम्युलेशनचं) असेल तर नुसत्या एसी अॅनालिसिसवर (लहान सिग्नलच्या विश्लेषणावर) विसंबू नका. लोड न जोडता केलंत तर शून्य करंटजवळचा उतार मिळतो, तो कमीच येतो.

आणि हो, एकाच पिनला फाइलमध्ये ड्राइव्ह स्ट्रेंग्थप्रमाणे चार-पाच मॉडेल असू शकतात. फर्मवेअरमध्ये कुठली सेटिंग आहे ते आधी विचारून घ्या.