हाँगकाँगमध्ये ‘चिनी’ म्हणजे नेमकी कोणती भाषा?

प्रश्न: माझा मुलगा नोकरीनिमित्त नुकताच हाँगकाँगला गेला आहे. जाण्यापूर्वी त्याने पुण्यातच दोन वर्षे क्लास लावून चिनी भाषा शिकून घेतली होती. परंतु दुकानात तो चिनीत बोलला की लोक इंग्रजीत उत्तर देतात. शेजारच्या आजींनी तर मानच फिरवली. शहर चीनचे, माणसे चिनी, मग त्यांना चिनी भाषेचे वावडे का?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: आपला मुलगा शिकला ती मँडरिन, म्हणजे बीजिंगच्या उच्चारांवर बेतलेली चीनची प्रमाणभाषा, हाँगकाँगच्या घरांत आणि बाजारांत बोलली जाते ती कँटोनीज. दोन्हींना ‘चिनी’ म्हणत असले, तरी मुद्दाम शिकल्याशिवाय एकीच्या भाषकाला दुसरी कळत नाही. शहराचे नावच घ्या: कँटोनीजमध्ये ते ‘हेउंग-गोंग’, मँडरिनमध्ये ‘श्यांग-गांग’, आणि अक्षरे मात्र तीच.

लिपी एक म्हणून भाषा एक, हा समज देवनागरीत मराठी लिहिणाऱ्या आपण तरी करून घेऊ नये. हाँगकाँगची अडचण त्याहून खोल आहे, कारण तिथल्या पाठ्यपुस्तकातली चिनी मँडरिनच्या वळणाची असते आणि बहुतेक वर्गांत ती कँटोनीज उच्चारांनी वाचली जाते. ‘तो’ या अर्थी मूल घरी ‘ख्युई’ म्हणते. पुस्तकात त्या जागी दुसरेच अक्षर असते आणि ते ‘था’ असे वाचावे लागते. मराठी मुलाने घरी ‘तो गेला’ म्हणावे आणि वहीत ‘वह गया’ लिहावे, तसेच हे. त्यामुळे चिनी हा विषय मँडरिनमधूनच शिकवला तर बोलणे आणि लिहिणे जुळेल, असे म्हणणाऱ्यांचा मुद्दा पोकळ नाही. परंतु मग आईची भाषा शाळेत कुठे उरणार, या पालकांच्या प्रश्नाला माझ्या मते अधिक वजन आहे. पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून २०२५ मध्ये आपल्याकडे जो वाद पेटला, तो आठवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

१८४२ च्या नानकिंगच्या तहाने हाँगकाँग बेट ब्रिटिशांकडे गेले आणि पुढे १९७४ पर्यंत तिथली राजभाषा केवळ इंग्रजी होती. लोकांनी चळवळ केल्यावर चिनीलाही तो दर्जा मिळाला खरा, पण ‘चिनी’ म्हणजे कोणती, हे कायद्याने सांगितले नाही. १ जुलै १९९७ रोजी शहर चीनकडे गेले, तेव्हा लागू झालेल्या मूलभूत कायद्याच्या, म्हणजे हाँगकाँगच्या छोट्या राज्यघटनेच्या, नवव्या कलमातही तोच मोघम शब्द राहिला. विधिमंडळात कँटोनीज चालत होती, तोवर कोणाचे फारसे अडले नाही. २०१४ च्या सुरुवातीला मात्र शिक्षण खात्याच्या संकेतस्थळावर कँटोनीज ही राजभाषा नसल्याचे वाक्य झळकले आणि इतका संताप उसळला की ते काढून टाकावे लागले.

या रागाला पोटापाण्याचीही बाजू आहे. चीनमध्ये २००८ साली भेसळयुक्त दूध पावडरीने बाळे दगावल्यावर तिथले लोक हाँगकाँगमधून डबे नेऊ लागले. दुकानांतील फळ्या इतक्या रिकाम्या झाल्या की मार्च २०१३ पासून बाहेर जाणाऱ्यास दोनच डब्यांची मर्यादा घालावी लागली. त्याच सुमारास एका वृत्तपत्रातील जाहिरातीत चीनमधून येणाऱ्या या पाहुण्यांना टोळधाड म्हटले गेले. स्वतःच्या भाषेसाठी झटणाऱ्यांनी माणसांना किड्यांच्या रांगेत बसवावे, हे मला अजूनही खुपते. पुढे लोकशाहीच्या मागणीची २०१४ आणि २०१९ ची आंदोलने झाली, ३० जून २०२० रोजी बीजिंगने केलेला राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला आणि कोण कोणत्या भाषेत बोलतो, यावरून त्याची बाजू ठरवली जाऊ लागली.

२०२१ च्या जनगणनेनुसार पाच वर्षांवरील सुमारे ८८ टक्के लोकांची नेहमीची भाषा कँटोनीजच आहे, म्हणजे ती आज बुडालेली नाही. धास्ती आहे ती उद्याच्या वर्गाची आणि कचेरीची.

त्या आजींच्या मनात काय होते, हे मी सांगू शकत नाही. पण आपल्या मुलाने दोन शब्द अवश्य शिकावेत. भाजीवालीने पिशवी हातात दिली, बसमध्ये कोणी वाट करून दिली, तर ‘म्-गोय’ म्हणावे. कोणी भेट दिली तर ‘दो-जे’. शेजारच्या आजींनी उद्या संत्री आणून दिली, तर तिथे हाच शब्द लागेल.